भाषण ऐकल्याशिवाय किल्ली नाही

“घोरता का?”

खोली मागायला आलेल्या माणसाला आमचे साहेब नावगावाच्या आधी हे विचारायचे. माणूस दचकायचा आणि नाही म्हणायचा. आपण घोरतो असं कुणी आपणहून कबूल करत नाही, हे साहेबांना ठाऊक होतं. ते मग शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडं वळून म्हणायचे, “वहिनी, तुमी सांगा.” वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या की जोडप्याची रवानगी मागच्या बाजूच्या खोल्यांत. एकटा पुरुष आला तर त्याची मान आणि पोट बघून साहेब स्वतःच निकाल द्यायचे. पुढच्या खोल्यांच्या खिडक्या सभागृहाच्या बाजूला उघडत. भाषण रंगात आलेलं असताना तिकडून घोरण्याचा आवाज आला तर बोलणाऱ्याच्या मनाला काय वाटेल, ही त्यांची काळजी होती.

गावाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून त्याच काउंटरवर बसते आणि मला तिथंच बसायचं आहे. सातारा आणि सांगली यांच्या मधलं, स्वतःची पालिका असलेलं गाव, एवढं पुरे. एके काळी आमच्या पालिकेला वाटलं, की परिषदा काय त्या पुण्या-मुंबईलाच का व्हाव्यात? आपल्याकडंही डॉक्टर यावेत, शास्त्रज्ञ यावेत, दोन दिवस राहावेत, आपलं पाणी प्यावं. म्हणून एक मोठं सभागृह बांधलं, त्याच्यावर एक छोटं दालन काढलं, शेजारी तीन मजली अतिथीगृह उभं केलं आणि दोन्हींच्या मधे छप्पर घातलेला बोळ ठेवला. कोनशिलेवर नाव लांबलचक आहे. गाव त्याला नुसतं ‘भवन’ म्हणतं. शास्त्रज्ञ काही फारसे फिरकले नाहीत. द्राक्षवाले आले, हळदवाले आले, विमा एजंट आले, पतसंस्थांच्या सभा झाल्या आणि मधल्या रिकाम्या तारखांना लग्नं लागली. अतिथीगृह मात्र कायम भरलेलं, कारण एसटी स्टँड जवळ आणि भाडं सरकारी.

मी मूळची कुंडलची. लग्न होऊन या गावात आले आणि भवनात काउंटरवर लागले, तेव्हा साहेब तिथले व्यवस्थापक होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला काम समजावून सांगितलं ते असं: “ताई, हितं दोन धंदं हायती. तिकडं लोकं बोलत्यात आन हिकडं लोकं झोपत्यात. झोपायला आलेलं मानूस तिकडं न्यायचं, आन ऐकायला आलेलं हिकडं येऊ द्यायचं न्हाई. बास, येवढीच नोकरी.” मला वाटलं, नव्या माणसाची फिरकी घेतायत. आठवडाभरात कळलं की फिरकी घेणं हा साहेबांचा प्रांतच नव्हे.

परिषदेचं एक असतं. सकाळी सगळी मंडळी कडक इस्त्रीत पुढच्या रांगांत बसलेली असतात. दुपारच्या जेवणात श्रीखंड-पुरी झाली की निम्मी परिषद बोळातून अतिथीगृहाकडं सरकायला लागते. साहेब बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे. कुणी म्हणे, खोलीत गोळी राहिली. साहेब म्हणत, कंची गोळी, आणून देतो. कुणी म्हणे, घरी फोन करायचाय. साहेब स्वतःचा फोन पुढं करत. तरीही काही वस्ताद मागच्या जिन्यानं वर जात. त्यांच्यासाठी साहेबांनी जालीम उपाय काढला होता. परिषद असेल त्या दिवशी दुपारी दोन ते चार अतिथीगृहातले पंखे बंद. ‘वायरिंगचे काम चालू आहे’ अशी पाटी त्यांनी कायमची रंगवून घेतली होती. वैशाखातल्या दुपारी पंख्याशिवाय कोण झोपणार? मंडळी घाम पुसत परत सभागृहात यायची आणि तिथल्या गारव्यात निमूटपणे सेंद्रिय कर्बावरचं व्याख्यान ऐकायची.

साहेब स्वतः प्रत्येक कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसत. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, मांडीवर हात. हृदयरोगापासून आयकरापर्यंत आणि रेशीम उद्योगापासून वास्तुशास्त्रापर्यंत त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि ते सगळं त्यांच्या डोक्यात एकमेकांत कालवलं गेलं होतं. माझ्या सासऱ्यांचा रक्तदाब वाढला तेव्हा त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, मीठ कमी करा आणि छाटणी पंधरा दिवस पुढं ढकला. छाटणीचा सल्ला द्राक्षवाल्यांच्या मेळाव्यातला होता. सासरे आमचे तलाठी म्हणून निवृत्त झालेले, दारात तुळस सोडली तर वेल नाही. तरी त्यांना हा सल्ला फार आवडला आणि ते आजही केस कापायला पंधरा दिवस उशिरा जातात.

बोलणाऱ्यांबद्दल त्यांची मतं पक्की असत. बोलता बोलता तीनदा पाणी पिणाऱ्या माणसाजवळ सांगण्यासारखं काही नसतं, असं ते म्हणत. जो खिशातून कागद काढतो आणि त्याच्याकडं बघत नाही, तो चांगला. जो ‘वेळेअभावी’ म्हणतो तो हमखास आणखी अर्धा तास घेणार, म्हणून त्या शब्दाबरोबर ते चहावाल्याला खूण करून आधण उतरवायला सांगत. आमच्या आचाऱ्याचं घड्याळ म्हणजे साहेबांची ती खूण.

पण त्यांचा खरा आजार म्हणजे रिकामी खुर्ची. ती त्यांना बघवतच नसे. सभागृहाच्या खुर्च्या जमिनीत ठोकलेल्या, उचलता येत नव्हत्या, नाहीतर त्यांनी रोज मोजून तेवढ्याच मांडल्या असत्या. कार्यक्रमाला माणसं कमी दिसली की साहेब अस्वस्थ होत, दाराशी येरझाऱ्या घालत आणि मग माणसं गोळा करायला निघत. सफाईच्या मावश्या, बागेतला माळी, लग्नाच्या मांडवाचं सामान उतरवायला आलेले टेम्पोवाले, सगळ्यांना आत बसवत. आमच्या मावश्यांनी ठिबक सिंचनाची इतकी व्याख्यानं ऐकली आहेत की त्या पालिकेच्या बागेत नळी कुठं फुटली ते लांबून सांगतात. साहेबांच्या बायकोनं एकदा माझ्याजवळ तक्रार केली होती, की रहिमतपुरात, म्हणजे त्यांच्या गावी, भावकीत कुठं लग्नाला गेलं तरी हे अक्षता टाकायच्या सोडून माणसं उठवून पुढं बसवत बसतात आणि नवरीच्या बापाला वाटतं, हा कोण नवा व्याही.

या खोडीचं कारण मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, “बोलनाऱ्यानं वर बघितलं आन समोर कुनी न्हाई, असं व्हवू ने. लय वंगाळ वाटतं ते.” कुणाला वंगाळ वाटतं ते बोलले नाहीत. ते मला नंतर, बाईंच्या कार्यक्रमामुळं कळलं.

बाई म्हणजे इथल्या मुलींच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा एकुलता एक मुलगा साताऱ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होता. हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. पुढच्या वर्षीपासून त्याच्या वाढदिवसाला बाई भवनातलं वरचं छोटं दालन घेऊ लागल्या आणि तिथं त्याच्या नावानं एक व्याख्यान ठेवू लागल्या. विषय नेहमी त्याचाच, म्हणजे दगड. डोंगर कसे झाले, काळा पाषाण कसा थिजला, नद्यांनी तो कसा कापला. व्याख्याते चांगले असत, दरवर्षी वेगळे, पण आमच्या गावात दगडावरचं व्याख्यान ऐकायला संध्याकाळी पाच वाजता कोण येणार?

पहिल्या वर्षी कुणी आलंच नाही. म्हणजे बाईंच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी आल्या, व्याख्याते आणि त्यांचे ड्रायव्हर आले. बाईंनी सगळ्यांना द्यायला शेंगदाण्याच्या लाडवांची पाकिटं करून आणली होती, दोन मोठी खोकी भरून. मुलाला ते आवडायचे. वरच्या दालनातल्या खुर्च्या सुट्या होत्या, म्हणून साहेबांनी शिपायाला मागच्या खुर्च्या गुपचूप उचलायला सांगितलं, पण शिपाई खुर्च्या उचलू लागला तेव्हा बाई दाराशी उभ्या राहून तेच बघत होत्या. कार्यक्रम उरकला. बाई ती खोकी तशीच रिक्षात घालून घरी घेऊन गेल्या. रिक्षा वळेपर्यंत साहेब पोर्चमधे उभे होते आणि त्यांनी संध्याकाळचा डबा उघडला नाही. हे मी बघितलंय, कारण शेवटी तो डबा मीच धुऊन ठेवला.

दुसऱ्या वर्षी तो दिवस आला तेव्हा साहेब दुपारपासून माझ्या काउंटरवर ठाण मांडून बसले. तीनच्या पुढं जो कुणी खोली मागायला आला त्याचं नावगाव घेतलं, घोरण्याची चौकशी केली, बॅग काउंटरमागं ठेवून घेतली आणि सांगितलं, किल्ली सात वाजता. तोवर वर दालनात एक भाषण आहे, ते ऐका. चहा आमच्याकडून. लोक चिडले. एक जण म्हणाला, मी फिटर आहे, फलटणहून कारखान्याच्या कामाला आलोय, सकाळपासून उभा आहे, मला आडवं व्हायचंय. साहेब म्हणाले, “पाव्हणं, आडवं काय रोजच व्हायचं हाय. आज जरा बसा.” त्या आवाजात काय होतं कोण जाणे, फिटर वर जाऊन बसला. त्याच्यामागून मुलीला परीक्षेला घेऊन आलेले एक वडील, बेदाण्याचे दोन व्यापारी, लग्नाचा सनई-चौघडा घेऊन आलेली मंडळी, असे पन्नासएक लोक दालनात जमले. बाई आल्या आणि दारातच थबकल्या. मग लगबगीनं साडी सारखी करून आत गेल्या.

त्या दिवशी लाडू संपले. बाई प्रत्येकाच्या हातात पाकीट देऊन ‘आवर्जून आलात’ म्हणत होत्या आणि किल्लीसाठी अडकलेली ती माणसं ओशाळून खाली बघत होती. साहेब खाली माझ्याजवळ येऊन एकेकाला किल्ली देत होते. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं भांडायला उघडलेलं तोंड मिटलं आणि किल्ली घेऊन तो गेला.

मग दरवर्षीचं ते ठरून गेलं. पुढं साहेबांच्या लक्षात आलं, की व्याख्यान संपल्यावर बाई उठून विचारतात, कुणाला काही विचारायचंय का? आणि दालनात सगळे एकमेकांकडं बघतात. बाई थोडा वेळ वाट बघून ‘बरं’ म्हणतात आणि आभार मानायला घेतात. ते ‘बरं’ साहेबांना सोसेना. तेव्हापासून ते एका पाहुण्याला हेरून, चहाबरोबर भजी देऊन, एक प्रश्न पढवायला लागले. एका वर्षी पुन्हा आलेल्या त्या फिटरनं विचारलं, दगड तापला कशानं? एका सनईवाल्यानं विचारलं, हिरा आपल्याकडं सापडतो का? व्याख्याते खुलायचे. बाई वहीत काहीतरी टिपून घ्यायच्या, शाळेतली सवय. बाईंना यातलं काही कळू नये यासाठी आम्ही सगळे जिवाचं रान करायचो आणि मला वाटतं त्यांना ते कळलं नव्हतं. त्या साहेबांना म्हणायच्या, आपल्या गावाला विज्ञानाची आवड आहे हो, उगाच लोक नावं ठेवतात. साहेब मान डोलवायचे.

आणि एके वर्षी एका बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला. पुण्याचा, गाडी चालवून दमलेला. त्याला साहेबांनी किल्ली नाकारली. तो भांडला नाही. वर जाऊन बसला, भाषण ऐकलं, लाडूही खाल्ला. किल्ली घेऊन खोलीत गेला, आणि तिथून त्यानं मोबाईलवर आमच्या अतिथीगृहाला पाचपैकी एकच चांदणी दिली आणि खाली सगळी हकीकत लिहिली. पैसे भरूनही दोन तास ओलीस ठेवलं, असा शब्द त्यानं वापरला. तेच त्यानं पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनाही पाठवलं.

मुख्याधिकारी मॅडम नव्या होत्या, तरुण होत्या आणि वाईट मुळीच नव्हत्या. त्यांनी साहेबांना बोलावलं आणि काउंटरवरची म्हणून मलाही. मॅडमनी सरळ विचारलं, असं का केलंत? कारण सांगा, मी लिहून घेते, काहीतरी मार्ग काढू. त्यांना खरोखरच मार्ग काढायचा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ते मिटलं. मग ते म्हणाले, “काय न्हाई मॅडम. खोड हाय माझी. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोसत न्हाई.” मॅडमनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हेच उत्तर. शेवटी मॅडमनी त्यांची बदली पाणीपुरवठा विभागात केली आणि बजावलं, की निवृत्ती जवळ आलीय, आणखी एक तक्रार आली तर चौकशी लागेल आणि पेन्शन अडकून पडेल.

पालिकेच्या पायऱ्या उतरताना मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, बाईंचं नाव सांगितलं असतंत तर मॅडमनी माफ केलं असतं, त्या काय राक्षस आहेत का? साहेब पायरीवर थांबले. म्हणाले, “ताई, कागदावर आलं की सांच्यापतुर गावात हुतं. बाईस्नी कळलं, की लोकं किल्लीसाटी बसत्यात, तर त्या पुन्हा येतील व्हय? आन मग त्ये लाडू कुनासाटी करतील?” मी घरी येऊन खूप रडले आणि सासूबाईंना वाटलं, माझीच नोकरी गेली.

साहेबांच्या जागी नवे व्यवस्थापक आले. हुशार पोरगा. त्यानं किल्ल्याच काढून टाकल्या. आता पाहुणा मोबाईलवर खोली घेतो, काउंटरवरून एक कार्ड उचलतो, दाराला लावतो आणि आत जातो. कोण घोरतो ते कुणी विचारत नाही. दुपारी पंखे चालू असतात. परिषद जेवून झोपते. पाहुणे खूश आहेत आणि चांदण्यांची संख्या वाढली आहे, हेही खरं.

साहेब पाण्याच्या टाकीवरच्या ऑफिसात बसायला लागले. गावात पाणी संध्याकाळी सहाला सुटतं. पेठेपेठेचे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारी तीसेक माणसं त्यांच्या हाताखाली होती. पाणी आलं नाही की लोक साहेबांना फोन करत आणि साहेब त्यांचं पूर्ण ऐकून घेत, अशी त्यांची नवी ख्याती झाली होती. एका माणसानं मला सांगितलं, मी पाण्याची तक्रार करायला फोन केला आणि त्यांनी माझ्या दम्याची चौकशी केली.

बाईंच्या कार्यक्रमाचा दिवस जवळ आला तशी मला धडकी भरू लागली. साहेबांना मी फोन केला नाही. तारीख त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती, आणि सांगून ते बिचारे करणार काय? त्यांच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. मी माझ्या परीनं खटपट केली. काउंटरवर पाटी लावली. येणाऱ्या प्रत्येकाला विनंती केली. लोक हसून ‘बघतो हं’ म्हणायचे आणि लिफ्टमधे शिरायचे. पाच वाजता दालनात बाई, व्याख्याते, बाईंच्या त्याच दोन मैत्रिणी आणि मी ओढून आणलेले माझे सासू-सासरे, एवढीच माणसं होती. टेबलावर लाडवांची खोकी. बाईंनी घड्याळ बघितलं, म्हणाल्या, पाच-दहा मिनिटं वाट बघू, लोक येतातच आपल्याकडं. मला तिथं उभं राहवेना म्हणून मी खाली पोर्चमधे आले.

तेवढ्यात फाटकातून पालिकेचा पाण्याचा टँकर आत आला. पुढं केबिनमधे साहेब. मागं टँकरच्या शिडीला लोंबकळून, टपावर बसून, आणि त्यामागं मोटारसायकलींवर तिघे-तिघे, अशी ती पाणी सोडणारी सगळी माणसं. गुडघ्यापर्यंत वर घेतलेल्या पॅन्टी, कुणाच्या खांद्यावर टॉवेल, कुणाच्या हातात व्हॉल्व्ह फिरवायचा लोखंडी टी. मी म्हटलं, साहेब, सहाला पाणी सोडायचंय ना? त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि माणसांना म्हणाले, हत्यारं हितं ठेवा, वर चला, फोनचा आवाज बंद. दालनाच्या दाराशी त्या सगळ्यांनी चपला काढल्या. काढा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

बाई उठून उभ्या राहिल्या. “या, या,” म्हणाल्या, “पुढं बसा.” व्याख्याते बोलायला लागले. विषय होता सह्याद्रीच्या पाषाणाचे थर. साडेपाच झाले, सहा झाले. खिशाखिशातून फोन थरथरायला लागले. एकानंही बाहेर काढला नाही. मी दाराशी उभी राहून मनातल्या मनात गावातल्या रिकाम्या हंड्यांचा हिशेब करत होते, आणि साहेबांच्या पेन्शनचाही.

व्याख्यान संपलं. बाई उठल्या आणि म्हणाल्या, कुणाला काही विचारायचंय का? साहेबांनी पढवून आणलेला गडी उभा राहिला, पण घाबरून प्रश्नच विसरला आणि कान खाजवत खाली बसला. बाईंनी थोडी वाट बघितली. त्या आता ‘बरं’ म्हणणार, एवढ्यात मागच्या बाजूनं टाकीवरचे चाचा उठले. पाण्याच्या खात्यात सगळ्यांत जुने, पांढरी दाढी, डोक्यावर गोल टोपी. ते हात जोडून म्हणाले, “बाई, दगडाचं ह्या सरांनी लय चांगलं सांगितलं. पर ज्या पोराच्या नावानं ह्ये समदं हाय, त्यो पोरगा कसा व्हता, ते कुनी सांगितलं न्हाई.”

इतकी वर्षं सगळे जपून होते. व्याख्याते सुरुवातीला ‘कै.’ लावून त्याचं नाव घ्यायचे आणि दगडाकडं वळायचे. त्याच्याबद्दल बाईंपुढं अवाक्षर काढायचं नाही, असं आम्ही न बोलता ठरवून टाकलं होतं. बाई माइक बाजूला सारून पुढच्या रांगेजवळ आल्या.

“हट्टी होता,” त्या म्हणाल्या. “फार हट्टी.”

आणि त्या बोलायला लागल्या. तो लहानपणापासून खिशात दगड भरून आणायचा. पॅन्टचे खिसे फाटायचे, त्या शिवायच्या, तो पुन्हा फाडायचा. पलंगाखाली दगड, कपाटात दगड, देव्हाऱ्यातसुद्धा एक काळा दगड ठेवून दिला होता आणि बाईंच्या सासूबाई वर्षभर त्याला गंध लावत होत्या. इथं दालन हसलं आणि बाईही हसल्या. तो कॉलेजला गेल्यावर एकदा त्यांनी वैतागून सगळे दगड घराबाहेर, रस्त्याच्या कामासाठी पडलेल्या खडीच्या ढिगावर टाकून दिले. शनिवारी तो घरी आला. तिन्हीसांजेपर्यंत त्या ढिगावर बसून एकेक दगड निवडून परत आणला. एक सापडला नाही. मग रस्ता झाला.

“अजून त्या रस्त्यानं जाते,” बाई म्हणाल्या, “तेव्हा मी कडेकडेनं चालते. वाटतं, त्याचा दगड आहे इथं कुठंतरी.”

चाचांनी टॉवेलनं डोळे पुसले आणि विचारलं, अभ्यासात कसा होता? दुसऱ्यानं विचारलं, पोहायला यायचं का त्याला? कुणी विचारलं, जेवायला काय आवडायचं, आणि बाईंनी खोक्यांकडं हात केला. त्या प्रत्येकाला उत्तर देत होत्या. वर्गात शिकवताना दिसत असतील तशा दिसत होत्या.

साहेब उठून दाराशी माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. हळूच म्हणाले, “इतकी वर्सं मी परश्न पढवून धाडले, ताई. ह्यो मला सुचला न्हाई.” तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन पुन्हा थरथरला. त्यांनी नाव बघितलं आणि बाहेर येऊन कानाला लावला. मुख्याधिकारी मॅडमचा आवाज मला नीट ऐकू येत होता. सात वाजले, अर्ध्या गावात बायका हंडे घेऊन रस्त्यावर आल्यात, टाकीवर कुणी फोन उचलत नाही, पाणी सोडायची माणसं गेली कुठं?

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, मानसं माझ्याजवळ हायती, भवनात. पानी आज उशिरा सुटंल,” ते म्हणाले. “बाई अजून बोलत्यात.”

आणि फोन बंद करून ते आत जाऊन बसले.